नऊशे एकाहत्तर रविवार

शाळेत त्यांना सगळे पारेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. रोज दुपारी दोनच्या ठोक्याला हा माणूस हातातलं काम टाकून मैदानाच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या लाकडी पेटीकडे जायचा, तिची झडप उघडायचा, आतल्या तापमापकात पारा कुठवर चढलाय ते बघायचा आणि परत येऊन वहीत आकडा लिहायचा. मधे कुणी आडवं आलं, 'काका, जरा ही खुर्ची उचला' म्हणालं, की पेटीतला राहू दे, काकांचाच पारा चढायचा. पोरांना नाव पाडायला एवढं पुरतं.

हुद्द्याने ते प्रयोगशाळेतले शिपाई. परीक्षानळ्या धुवायच्या, कपाटातल्या सांगाड्यावरची धूळ झटकायची, विज्ञानाच्या बाई मागतील ती बाटली काढून द्यायची आणि बाईंनी चुकीची मागितली असेल तर काही न बोलता बरोबर तीच पुढे करायची. पंचवीस वर्षं हेच केलं. त्यातली तेवीस वर्षं वहीची. पेटी बसवली होती भूगोलाच्या एका सरांनी. दोन वर्षांत सरांची बदली झाली. जाताना ते काकांना म्हणाले, "एक दिवसही खंड पडू देऊ नका. खंड पडला की सगळी मेहनत पाण्यात." सर गेले ते गेलेच, पुढे त्यांनी साधं चार ओळींचं पत्र टाकलं नाही. काकांनी मात्र त्यांचा शब्द असा धरून ठेवला की सरांना कळलं असतं तर तेच संकोचले असते. वर्षाला एक वही, निळ्या पुठ्ठ्याची. दिवसाला एक ओळ.

अडचण होती ती रविवारची. राहायला शाळेच्या मागच्या बाजूला एक खोली होती, त्यामुळे पेटी काही लांब नव्हती. पण रविवारी काका एका सिनेमागृहाच्या दारावर तिकिटं फाडायला जायचे, आणि दुपारचे दोन म्हणजे तिथे ऐन गर्दीची वेळ. मग रविवार त्यांनी बायकोवर सोपवला. तिला अंक वाचता येत नव्हते. मोजता मात्र चोख यायचं. शाळेच्या गणवेशांची बटणं लावून द्यायचं काम ती घरी करायची, आणि त्यात तिला एका बटणानेही कुणी फसवू शकलं नसतं. काकांनी तापमापकावर विसाच्या रेषेला लाल दोरा बांधून दिला. दर पाच अंशांना एक मोठी रेषा आणि मधे बारक्या रेषा. दोऱ्याच्या वर पारा किती मोठ्या रेषा चढलाय ते बघायचं, आणि घड्याळाखाली एक स्टीलची वाटी ठेवलेली, तिच्यात तेवढी पांढरी बटणं टाकायची. दोऱ्याच्या खाली असेल तर काळी. संध्याकाळी काका आले की बूट काढायच्या आधी वाटीत डोकावायचे. दोन पांढरी म्हणजे तीस.

"अगं, बारक्या रेषाही मोजल्यास तर आणखी नेमकं होईल," ते सुरुवातीला म्हणाले होते.

"बारक्या शिकलेल्यांच्या," ती म्हणाली. "मोठ्या माझ्या. तुम्हाला नको असेल तर तुम्ही जा रविवारी आणि बघा."

काकांनी वाद घातला नाही. पारा मधेच कुठे असला की ती जवळची मोठी रेषा धरायची आणि विषय संपवायची. ताप असो, पाहुणे असोत, पाऊस कोसळत असो, डोक्यावर पोतं घेऊन ही बाई दोन वाजता पेटीपाशी उभी. एकदा तिची सख्खी बहीण आली होती कितीतरी वर्षांनी, तिला अर्ध्या वाक्यावर सोडून ही उठली. बहिणीने ते पुढे आयुष्यभर ऐकवलं.

या रविवारांना एक जोडीदारीण होती. शाळेजवळ राहणारी एक बाई दवाखान्यात आया होती, तिला रविवारी सुट्टी नसे आणि घरी लेकीला बघायला कुणी नसे. मुलगी चार वर्षांची असल्यापासून तिला सकाळी इथे सोडून जायची. पोरगी गोल चेहऱ्याची, बुटकी, सदानकदा बटणांच्या डब्यात हात घातलेली, म्हणून काकांच्या बायकोने, म्हणजे पोरीच्या मावशीने, तिचं नाव बटण ठेवलं आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच. मावशी तिची वेणी घालायची, तिला जेवू घालायची, आणि दोन वाजता बोट धरून पेटीपाशी न्यायची. परत आल्यावर वाटीत बटणं टाकायचा मान पोरीचा. काका-मावशींना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते कधी कुणाशी बोलले नाहीत, पण रविवारी संध्याकाळी काका सिनेमागृहातून येताना हातात गोळ्यांची पुडी असायचीच.

चार वर्षांपूर्वी मावशी गेली. मंगळवारी गेली. त्याआधीच्या रविवारी तिला अंथरुणातून उठवत नव्हतं, तेव्हा तिने बटणला एकटीला पेटीकडे पाठवलं होतं. संध्याकाळी काका आले तर वाटीत दोन पांढरी बटणं होती. "आज आमच्या बटणने बघितलं," ती पडल्या पडल्या म्हणाली, आणि तिला त्याचं एवढं कौतुक वाटत होतं की काकांना क्षणभर ती बरी होणार असंच वाटलं. ती गेल्यावर काकांनी सिनेमागृहाचं काम सोडलं. रविवारी दोन वाजता ते स्वतः पेटीपाशी जाऊ लागले. वाटी घड्याळाखाली तशीच राहिली, आत ती दोन बटणं.

आता काकांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. निवृत्ती म्हणजे खोली सोडायची. भाच्याने त्याच्या घरी बोलावलं होतं, पण भाच्याकडे स्वतःची पोरं एकावर एक झोपायची, तिथे वह्यांचं कपाट कुठून येणार? काकांना स्वतःची काळजी नव्हती. वह्यांचं काय होईल, हा एकच घोर होता. शाळेत ठेवाव्यात तर पुढचा शिपाई पहिल्याच साफसफाईला त्या रद्दीत घालील, हे त्यांना दिसत होतं. कारण आधीच्या शिपायाच्या किती गोष्टी त्यांनी स्वतःच रद्दीत घातल्या होत्या.

आणि तेवढ्यात बटण धावत आली. सोळा वर्षांची झाली होती, उंच झाली होती, नाव मात्र तेच. तिच्या हातात एक छापील कागद होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे संशोधन शिकवणार. दूरच्या विद्यापीठातले संशोधक पडद्यावरून एकेका मुलाला मार्गदर्शन करणार. एक पैसा घेणार नाहीत. आणि ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे अशाच मुलांना घेणार. चांगलं काम करणाऱ्याला पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र. अर्जात एक प्रश्न होता: तुमच्याजवळ असं काय आहे, जे दुसऱ्या कुणाजवळ नाही?

"काका," ती म्हणाली, "तुमच्या वह्या."

त्या वाक्यावर काकांनी तिला प्रयोगशाळेची दुसरी किल्ली दिली. आजवर ती किल्ली त्यांनी विज्ञानाच्या बाईंनाही दिली नव्हती.

तिची निवड झाली. तिच्या घरी संगणक नव्हता आणि बसायला कोपरा नव्हता, म्हणून सुट्टीत प्रयोगशाळेतच बैठक जमली. काकांनी खिडकीजवळचं टेबल पुसून दिलं, डगमगणाऱ्या पायाखाली पुठ्ठा घातला, पंख्याला तेल दिलं. ठरल्या वेळी पडद्यावर मार्गदर्शक बाई यायच्या. चष्मा, आखूड केस, मागे पुस्तकांची भिंत, बोलणं मऊ. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "तेवीस वर्षं, खंड न पडता? अशा वह्या हल्ली मिळत नाहीत. आमच्या संस्थेत जुन्या नोंदींचा संग्रह आहे. काम झालं की आपण या वह्या तिकडे मागवून घेऊ, कायमच्या जतन करायला."

काका चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला, आणि बटणसाठी दुसरा करायला गेले.

पुढचे तीन आठवडे म्हणजे काकांच्या आयुष्यातला सुखाचा काळ म्हणावा लागेल. वह्यांतले आकडे संगणकात भरायचे होते, आठ हजारांहून जास्त. काका मोठ्याने वाचायचे, बटण टाइप करायची. "सोमवार, एकतीस. मंगळवार, तेहेतीस. हा बघ, या दिवशी विहिरीवरचं झाड पडलं होतं. बुधवार, सव्वीस." मधेच ते एखाद्या आकड्यापाशी थांबायचे आणि त्या दिवसाची गोष्ट सांगायचे. बटण हसायची, "काका, पुढे चला, नाहीतर आपण म्हातारे होऊ." "मी झालोय," काका म्हणायचे, "तू तुझं बघ." किराणा दुकानदाराला त्यांनी सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, भाच्याला फोन करून सांगितलं: वह्या विद्यापीठात जाणार आहेत. दुकानदाराने विचारलं, "एवढं काय आहे त्यांच्यात?" काका म्हणाले, "हवा." आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन घरी आले.

चौथ्या आठवड्यात काहीतरी बदललं. पडद्यावरच्या बाई एकाएकी उत्साहात बोलू लागल्या. काका दाराशी आले की बटणचा आवाज हळू व्हायचा. एक दिवस तिने टेबलच फिरवलं, पडद्याची पाठ दाराकडे. काकांना वाटलं, अवघड भाग आला असेल, पोरीला एकाग्रता हवी असेल. ते चहा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून जाऊ लागले.

त्याच आठवड्यात ती एकदा खोलीवर आली. बसली नाही. म्हणाली, "काका, मावशीची ती वाटी आहे का अजून?"

काकांना इतका आनंद झाला. त्यांनी घड्याळाखालून वाटी काढली, दाखवली. बटणने आत पाहिलं. दोन पांढरी बटणं, चार वर्षांची धूळ. तिने बोटाने एक हलवलं, परत होतं तसं केलं, आणि चहा न घेता निघून गेली. काका मनात म्हणाले, पोर हळवी आहे, मावशीची आठवण आली असेल. माणूस चांगला असला की तो असा पायरीपायरीने गाढव बनत जातो, आणि कुणी त्याला अडवत नाही.

शेवटच्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात सादरीकरण ठरलं. मोठा पडदा लावला. काकांनीच लावला. खुर्च्या त्यांनीच मांडल्या. मग घरी जाऊन अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून आले, तर मुख्याध्यापकांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी बटणची आई, दवाखान्यातून अर्धी रजा टाकून आलेली, हातात रुमाल चुरगाळत. "तुमच्यामुळे झालं हो सगळं," ती काकांना म्हणाली. काकांनी हात हलवून ते उडवून लावलं, पण कान लाल झाले.

पडद्याच्या एका कोपऱ्यात मार्गदर्शक बाईंचा चेहरा आला. मग बटण पुढे आली आणि पडद्यावर तिच्या कामाचं नाव उमटलं. काकांनी ते सावकाश वाचलं. मग परत वाचलं. 'बनावट नोंदी ओळखण्याची पद्धत: एका शालेय नोंदवहीचा अभ्यास.'

काकांना वाटलं, दुसऱ्या कुठल्या शाळेची वही असेल.

बटण छान बोलत होती. स्वच्छ, न अडखळता. खऱ्या मोजमापात शेवटचा अंक कसाही येतो, ती म्हणाली. कधी एक, कधी सात, कधी चार. पण माणूस मनाने आकडे लिहितो तेव्हा त्याचा हात ठरावीक अंकांवर जातो. मग तिने आलेख दाखवला. सोमवार ते शनिवार, निळे ठिपके, सगळीकडे विखुरलेले. रविवार लाल ठिपके. लाल ठिपक्यांच्या सरळ रांगा होत्या: वीस, पंचवीस, तीस, पस्तीस. मधे काही नाही. "नऊशे एकाहत्तर रविवार," बटण म्हणाली, "एकही नोंद चुकलेली नाही, आणि प्रत्येक नोंद पाचाच्या पटीत. याचा अर्थ सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष मोजमाप न करता अंदाजाने आकडे भरले गेले."

सभागृहात कुणीतरी हसलं. काकांना आधी राग आला नाही, अपमानही कळला नाही. त्यांना फक्त दिसत होतं की बायको पोतं डोक्यावर घेऊन उभी आहे, आणि हे लोक तिला हसतायत.

"आणि इथे बघा," बटण म्हणाली. काठीचं टोक उजवीकडे सरकलं. लाल रांगा एका जागी थांबत होत्या, एकदम, सुरीने कापल्यासारख्या. पुढे रविवारही निळ्यांसारखेच विखुरलेले. खाली तारीख होती.

ती तारीख काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. दोनच दिवसांनी मंगळवार आला होता.

"बनावट नोंदी इथे थांबतात," बटण म्हणाली. या वेळी तिचा आवाज जरा भरभर होता. "संभाव्य कारण: त्याच वर्षी शाळेच्या प्रशासनात बदल झाला आणि शिस्त आली." मुख्याध्यापक चार वर्षांपूर्वीच आले होते. ते खुर्चीत सावरून बसले आणि नम्रपणे खाली बघू लागले.

टाळ्या झाल्या. मार्गदर्शक बाई पडद्यातून म्हणाल्या, "फार सुंदर काम. आणि एक सांगते, यात कुणाला दोष द्यायचा हेतू नाही. सुट्टीच्या दिवशी कुणाला पेटीपर्यंत जावंसं वाटेल? माणूस आहे. या नोंदी घेणारे इथे आहेत का? त्यांना काही सांगायचं आहे?"

सगळ्या माना वळल्या. काका उठून उभे राहिले.

एक वाक्य पुरलं असतं. रविवारी माझी बायको बघायची, तिला अंक येत नव्हते, ती मोठ्या रेषा मोजायची. एवढंच. मंचावरून बटण त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत 'काय झालं काका' असा प्रश्न नव्हता. ती नजर हात जोडत होती. तेव्हा काकांना कळलं की हिला माहीत आहे. शेजारी आईने रुमाल तोंडाशी धरला होता आणि आनंदाने रडत होती. काही न समजून ती काकांना हळूच म्हणाली, "बोला ना, दोन शब्द पोरीबद्दल चांगले बोला."

"पोरगी हुशार आहे," काका म्हणाले, आणि खाली बसले.

त्या बसण्याबद्दल त्यांनी स्वतःला कधीच माफ केलं नाही. पोरीने बायकोला चारचौघांत खोटं ठरवलं, ते ठरवलंच. पण बायकोच्या बाजूने बोलायला जगात एकच माणूस होता आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटण किल्ली परत करायला प्रयोगशाळेत आली. काका परीक्षानळ्या धूत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"तुला कधी आठवलं?" त्यांनी विचारलं.

"चौथ्या आठवड्यात. आधी खरंच लक्षात नव्हतं, काका. मॅडमनाच ते रविवार दिसले. त्या इतक्या खूश झाल्या. म्हणाल्या, असा विषय मोठमोठ्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. मग मी घरी जाता जाता विचार करत होते की तुम्ही असं कसं केलंत, आणि एकदम वाटी आठवली."

"म्हणून बघायला आलीस."

"हो."

"आणि मग?"

"मग सांगितलं असतं तर विषयच राहिला नसता. चार आठवडे उरले होते. नवीन काय करणार होते मी? माझ्याजवळ दुसरं काय आहे? बाकीच्या मुलांची वेगळी गोष्ट आहे. मला ते पत्र हवं होतं, काका."

काकांनी नळी उपडी करून ठेवली. पुढची घेतली. "शेवटचा लाल ठिपका कुणाचा आहे, माहीत आहे ना?"

"माझा," ती म्हणाली. "पारा बत्तीसवर होता. मला वाचता येत होतं. मावशीला मी सांगितलं, बत्तीस आहे. ती म्हणाली, आपली पद्धत मोठ्या रेषांची, दोन बटणं टाक. मी टाकली."

"आणि काल त्याला बनावट म्हणालीस."

यावर ती रडायला लागली. काकांनी तिला लहानपणी कितीतरी वेळा रडताना पाहिलं होतं, आणि दरवेळी त्यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा, गोळीसाठी. आजही गेला. त्याचाच त्यांना जास्त राग आला. तळहातावरच्या फोडासारखं जपलेल्या पोरीने केसाने गळा कापला होता आणि हात मूर्खासारखा खिशात जात होता.

"मी मॅडमना सगळं लिहिते," ती म्हणाली. "शपथ. फक्त शिफारसपत्र येऊ दे. महिन्याभरात येईल. मग लगेच लिहिते. त्या वह्याही घेतील मग."

काकांनी तेवढं मान्य केलं. आजवर ती दिलेला शब्द मोडलेली त्यांनी पाहिली नव्हती, असं ते स्वतःला सांगत राहिले, जणू कालचा दिवस मोजायचाच नव्हता.

महिन्याभरात दोन पत्रं आली. एक बटणला. तिला लांबच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाली, राहण्याखाण्यासकट. दुसरं शाळेला. नोंदवह्या पाठवण्याच्या तयारीबद्दल आभार, पण त्यांतल्या नोंदी विश्वासार्ह नसल्याने संग्रहात घेता येणार नाहीत. मुख्याध्यापकांनी ते काकांना वाचून दाखवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "आता त्या पेटीचा उपयोग नाही. तिथे सायकली लावायला जागा होईल. तुम्हीही सुटलात रोजच्या उन्हातून."

बटण जाण्याआधी पाया पडायला आली. सोबत आई होती, त्यामुळे बोलणं झालं नाही. दारातून वळून ती म्हणाली, "काका, तिकडे पोचले की पहिलं तेच काम." काका म्हणाले, "सांभाळून जा." आठ महिने पोस्टमन रोज शाळेत येत होता. काका त्याला काही विचारत नसत. पण तो फाटकातून आत आला की ते हातातली नळी खाली ठेवायचे.

बटणची आई अधूनमधून भेटायची. "तुमची आठवण काढते हो फोनवर," म्हणायची. "म्हणते, काका कसे आहेत?" काका म्हणायचे, "मजेत." तिला खरं सांगावं असं एकदाही त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण बाईच्या चेहऱ्यावर एवढं समाधान असायचं की ते मोडायला त्यांचा हात धजला नाही. स्वतः मार्गदर्शक बाईंना लिहावं, तर पोरीची जागा जाईल. आणि इतकं होऊनही पोरीची जागा जावी असं त्यांना वाटेना, यात त्यांची सगळी हार होती.

खोली सोडायच्या आठवड्यात त्यांनी वह्या टेबलावर काढल्या. पेटी आधीच गेली होती. त्या जागी सायकली उभ्या होत्या. फक्त आतलं तापमापक त्यांनी सोडवून घेतलं होतं, लाल दोऱ्यासकट. भाच्याने फोनवर सांगितलं होतं की पलंगाखाली एका खोक्यापुरती जागा आहे. एका खोक्यात कपडे मावले असते किंवा वह्या. काकांनी कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि खोक्यात वह्या भरायला घेतल्या.

भरण्याआधी मात्र ते पेन घेऊन बसले. ज्या वह्यांत मावशीचे रविवार होते, त्या एकेक उघडून पहिल्या पानावर त्यांनी सावकाश, सगळ्यांत एकसारखं लिहिलं. 'या वहीतल्या रविवारच्या नोंदी माझ्या बायकोने घेतल्या आहेत. तिला अंक वाचता येत नव्हते, म्हणून ती फक्त मोठ्या रेषा मोजायची. ती दर रविवारी दोन वाजता पेटीपाशी गेली आहे. कुणी तपासलं तर तिला खोटं म्हणू नये.'

ती ज्या वर्षी गेली, त्या वर्षीची वही शेवटी आली. त्यांनी तेच चार ओळींचं लिहिलं. पेन मिटलं, परत उघडलं, आणि खाली आणखी दोन वाक्यं लिहिली.

'तिच्या आजारपणातला शेवटचा रविवार बटणने बघितला. तिला बारक्या रेषाही वाचता येत होत्या.'